राजीनाम्यावरची सही

माझ्या लहानपणी आमच्या घरात राजीनामा हा आनंदाचा शब्द होता. वडील गंगाखेडच्या कोर्टात वकिली करायचे. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळे त्यांच्या वकिलीतले निम्मे शब्द तिकडचे. संध्याकाळी कोर्टातून आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "आज राजीनामा झाला," की आम्ही समजायचो, कुठले तरी दोन भाऊ किंवा दोन शेजारी आपसात मिटवून घरी गेले. दोन्ही बाजू राजी झाल्या, त्याचा कागद तो राजीनामा. त्या दिवशी वडील जेवताना गप्पा मारायचे. एरवी खटला जिंकले काय नि हरले काय, खाली मान घालून जेवायचे.

एकदा रेडिओवर बातमी लागली की कुठल्याशा मंत्र्याने राजीनामा दिला. मी सात-आठ वर्षांची असेन. मी विचारलं, "त्यांचं कुणाशी भांडण होतं?" वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी समजावून सांगितलं की पुण्या-मुंबईकडे या शब्दाचा अर्थ निराळा, तिकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. मला ते काही पटलं नाही. नोकरी सोडण्यात राजी होण्यासारखं काय आहे, हा माझा प्रश्न होता. पुढे आमच्या घरात ती एक चेष्टाच होऊन बसली. कुठल्याही मंत्र्याने खुर्ची सोडली की आई म्हणायची, "मिटलं वाटतं त्यांचं!"

ही चेष्टा एका बाईला किती महागात पडली, ते मला सांगायचं आहे.

आधी एक कबुली देते. मी जे सांगणार आहे ते सांगायची मला परवानगी नाही. म्हणून इथे कुणाचं नाव नाही. गाव ताडकळसच्या बाजूचं आहे असं समजा, नसलं तरी बिघडत नाही. वाद वहिवाटीच्या रस्त्याचा होता असं मी लिहिणार आहे. तो विहिरीचाही असू शकेल. नाती मी बदलली आहेत की नाही हेही विचारू नका. एवढं झाकून जे उरलं, ते मात्र जसं घडलं तसं आहे. आणि त्यातली चूक माझी आहे, ती मी बदललेली नाही.

मी परभणीला वकिली करते, त्याला तीस वर्षं होत आली. स्वभाव तापट. माझ्या अशिलांना मी ओरडते, कारकुनांना ओरडते, एकदा एका न्यायाधीशांनाही आवाज चढवून बोलले होते, त्याची माफी मागावी लागली. अशा बाईला मध्यस्थ करायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल ते देव जाणे. पण काही वर्षांपूर्वी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रासाठी वकिलांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं, त्यात माझंही नाव आलं. शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या. गोड बोलायच्या. मध्यस्थाने निकाल द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणाची चूक ते सांगायचं नाही, फक्त दोघांना बोलतं करायचं. मी पहिल्या दिवशी कंटाळले, दुसऱ्या दिवशी चिडले आणि तिसऱ्या दिवशी मला रडू आलं. कारण त्या सांगत होत्या तेच वडील आयुष्यभर करत आले होते, कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून, कुठलंही प्रशिक्षण न घेता.

आमच्या लोकांना अजून लवाद आणि मध्यस्थ यांतला फरक कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. हमरस्त्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा लवाद हा शब्द गावागावांत पोचला. लवाद म्हणजे निकाल देणारा. त्याच्यापुढे कागद लावायचे, साक्षी द्यायच्या आणि तो म्हणेल ते ऐकायचं. मध्यस्थाच्या हातात असं काही नसतं. त्याच्या खोलीत लोक एकमेकांशी बोलतात आणि पटलं तर लिहून देतात. आता तर मध्यस्थीचा वेगळा कायदाच आला आहे. त्यातली काही कलमं अजून लागू व्हायची आहेत, पण त्यातली एक गोष्ट आमच्या जुन्या नियमांतही होतीच, नव्या कायद्यात ती आणखी ठासून सांगितली आहे: मध्यस्थाच्या खोलीत जे बोललं गेलं ते खोलीतच राहतं. त्यावर कुठल्याही कोर्टात, कुठल्याही कचेरीत साक्ष व्हायची नाही. मध्यस्थाला कुणी साक्षीदार करायचं नाही आणि त्यानेही व्हायचं नाही. मी टिपणं काढते, पण काम संपलं की फाडून टाकते. हा नियम मला मनापासून पटतो. दार उघडं राहणार असेल तर आत कोण खरं बोलेल?

तर ती बाई. तिला मी मावशी म्हणायची. गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. सकाळी दार उघडायचं, झाडायचं, घरोघरी जाऊन पोरांना बोटाला धरून आणायचं, खिचडी शिजवायची, वाढायची, कुणी चड्डी ओली केली तर धुवायची. पंचवीसेक वर्षं हेच काम. नवरा गेल्यावर तिला मिळालेलं. गावातली लग्नाला आलेली पोरंसुद्धा तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. अंगणवाडीची किल्ली ती कमरेच्या चंचीत ठेवायची आणि बोलताना मधूनच चंची चाचपून बघायची. शाळा चौथीपर्यंत. सही सुबक करायची, मथळे वाचायची, खालचा बारीक मजकूर मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा.

तिचा वाद होता दिराशी. शेतात जायचा रस्ता दिराच्या बांधावरून, तो त्याने अडवला. दावा पडून होता, दोघांचेही वकील थकलेले. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि ते माझ्याकडे आलं. दीर साठीचा, शब्दाला जड. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा यायचा, तिशीतला, गावात संगणकावर फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवणारा. हुशार आणि बोलायला अदबशीर. मावशीला तो 'मोठी माय' म्हणायचा आणि आल्या आल्या तिच्या पाया पडायचा. मला ते बघून बरं वाटलं होतं.

पहिल्या बैठकीत मावशी आणि दीर एकमेकांकडे पाठ करून बसले. मी शहरी बाईंनी शिकवलेले शब्द वापरायला गेले, समझोता करार, परस्पर सहमती. दोघंही माझ्याकडे बघत बसले. मग मला वडील आठवले आणि मी म्हणाले, "हे बघा, राजीनामा करायचा का न्हाई ते सांगा." दोघांचेही चेहरे बदलले. मावशी म्हणाली, "आसं बोला की वकीलबाई. राजीनामा व्हत आसंल तर मला काय नगं हाय?" दीर पहिल्यांदाच तोंड उघडून बोलला, "वैनीनं रस्ता मागितला आसता तर मी दिला आसता. कोर्टात कामून गेली?" त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर भलती खूश होते. लोकांशी लोकांच्या बोलीत बोलायला आपल्यालाच येतं, बाकीचे वकील पुस्तकी, असं मला वाटत होतं. मी वडिलांचा शब्द वापरला होता, आणि तो चालला होता.

दुसऱ्या बैठकीत सगळं ठरलं. बैलगाडी जाईल एवढा रस्ता, बांधावरचं बाभळीचं झाड तसंच ठेवायचं, एवढं साधं. कच्चा मसुदा मी मोठ्याने वाचून दाखवला, कागद छापायला घेतला आणि लाईट गेली. तासभर वाट पाहिली. शेवटची एसटी चुकेल म्हणून सगळे उठले. मी दारातून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी या. राजीनामा तयार ठेवते. सह्या केल्या की मोकळे." पुतण्याने मोटारसायकलची चावी बोटावर फिरवत विचारलं, "राजीनाम्यावर फक्त सह्याच लागतात ना, मॅडम?" मी म्हणाले, "फक्त सह्या." हा प्रश्न त्याने मला का विचारला असेल, याचा मी पुढे फार विचार केला. त्या दिवशी केला नाही.

मंगळवारी कागद छापून तयार होता. सह्यांआधी मी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बोलावते, पाच मिनिटं, एकट्याने. ते आम्हाला शिकवलेलं आहे. कुणाचा दबाव नाही ना, धाक दाखवला नाही ना, आपल्या मनाने करताय ना, हे एकांतात विचारायचं. दिराला विचारलं, तो बाहेर गेला. मावशी आत आली.

"मावशी, कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव कशाचा? सही तर मी मागल्या शनवारीच केली की राजीनाम्यावर. पुतन्यानं कागद आनला व्हता घरी. म्हनला, मोठी माय, राजीनाम्यावर सही ऱ्हायली. मी म्हनलं आन इकडं."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, बघा, किती गोडीने चाललंय, आपल्या कागदाची वाटसुद्धा पाहिली नाही, घरच्या घरी लिहून मोकळे झाले. मी म्हणाले, "ते तुमचं घरचं. इथं वेगळी करावी लागते."

"करते की. दोनदा राजी व्हायला काय जातंय?"

आम्ही दोघी हसलो. माझ्या टिपणात मी पेन्सिलीने लिहिलं, 'घरी सही केली म्हणते,' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं. ते प्रश्नचिन्ह मी का टाकलं होतं, मला माहीत नाही. म्हणजे डोक्यात कुठे तरी खटकलं होतं. खटकलं होतं आणि तरी मी विचारलं नाही, कसला कागद होता तो मावशी, काय लिहिलं होतं. बाहेर आणखी एक प्रकरण थांबलेलं होतं, मला घाई होती. सह्या झाल्या. पुतण्याने सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर मी नियमाप्रमाणे टिपणं फाडून टोपलीत टाकली.

महिन्याभराने मावशी माझ्या घरी आली. सकाळची वेळ, मी कोर्टात निघायच्या गडबडीत. ती पायरीवरच बसली, आत येईना. म्हणाली, "वकीलबाई, माजी किल्ली घेतली." हात चंचीवर होता.

हळूहळू उलगडा झाला. अंगणवाडीच्या वरच्या बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं, तुमचा राजीनामा मंजूर झाला, किल्ली जमा करा. मावशी त्यांना म्हणाली, हो, झाला की राजीनामा, आता रस्ता बी मोकळा झाला. दोघींचं बराच वेळ असंच चाललं. शेवटी त्या बाईंनी कागद वाचून दाखवला. 'मी माझ्या मदतनीस पदाचा राजीनामा स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता देत आहे. सदर मजकूर मी वाचून पाहिला असून तो मला मान्य आहे.' वर ठळक अक्षरात एकच शब्द होता. तो तिने वाचला होता, एक एक अक्षर लावून, आणि तो बरोबर वाचला होता.

पुतण्याची बायको बारावी झालेली आहे. जागा रिकामी झाली की अर्ज मागवतील. आणखी काही सांगायला नको.

मी त्या दिवशी कोर्टात गेले नाही. मला त्या पोराचा भयंकर संताप आला होता, पण जितका विचार करत गेले तितका संताप माझ्याकडेच वळत गेला. त्याने खोटा शब्द उच्चारला नव्हता. राजीनाम्यावर सही राहिली आहे असं तो म्हणाला आणि ती राजीनाम्यावरच झाली. शब्द त्याने माझ्या तोंडून उचलला होता. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' हे वाक्यसुद्धा माझ्याच तडजोडीच्या मसुद्यातलं होतं. तो मसुदा मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या खोलीत मी 'समझोता करार' हे परकेच शब्द वापरले असते तर लोक गोंधळले असते, चार प्रश्न विचारले असते, आणि ती बाई आज खिचडी ढवळत असती.

मावशीने वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला, सही चुकून झाली, परत कामावर घ्या. परभणीच्या कचेरीत सुनावणी लागली. तिला वाटत होतं, यात अवघड काय आहे? "तुमी सांगा सायबाला. मी तुमच्या म्होरं बोलले व्हते ना, शनवारीच राजीनाम्यावर सही केली म्हनून? मला नोकरी सोडायची आसती तर मी तुमाला तसंच सांगितलं आसतं ना?"

बरोबर होतं तिचं. जगात तेवढा एकच पुरावा होता. मन मोकळं असताना, भांडण मिटलेलं असताना, पुढे काय होणार हे माहीत नसताना ती एका माणसाजवळ जे बोलली होती, त्यावरून तिने राजीनाम्याचा काय अर्थ घेतला ते लख्ख दिसत होतं. ते ऐकणारी मी एकटी. आणि मला ते सांगायची बंदी.

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी तुमाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं न्हाई, हे माज्यासाठीच केलेलं हाय ना?"

"हो."

"मंग मीच म्हनते, सांगा."

याला उत्तर आहे. तुम्ही म्हणालात म्हणून दार उघडलं, तर उद्या मध्यस्थाला साक्षीला ओढायची वाट पडेल, मग कुणीच आत मन मोकळं करणार नाही. हे उत्तर मी नव्या मध्यस्थांना शिकवते. त्या पायरीवर बसलेल्या बाईला मी ते दिलं आणि देताना मला माझीच लाज वाटली. मी दिरालाही फोन केला. म्हटलं, तुम्ही तरी खरं सांगा. तो म्हणाला, "बाई, राजीनामा झाला ना आमचा? मंग पुन्ना कामून उकरायलाव?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दोन दिवस मी डोकं खाजवलं. मग मला एक वाट सापडली असं वाटलं. खोलीत काय झालं ते सांगायचं नाही, ठीक आहे. पण या जिल्ह्यात राजीनामा कशाला म्हणतात, हे सांगायला कोणता नियम आडवा येतो? तो माझ्या लहानपणाचा शब्द आहे, मध्यस्थी केंद्राचा नाही. मी माळ्यावरून वडिलांची जुनी दप्तरं काढली. धुळीने शिंका येऊन बेजार झाले. त्यांत तडजोडीच्या कागदांच्या नकला होत्या, आणि वर वडिलांच्या वळणदार अक्षरात मथळा, राजीनामा. एक जिंतूरकडच्या दोन भावांचा, एक गोदाकाठच्या मळ्याचा, असे सात-आठ निघाले. मी ते पिशवीत भरले आणि सुनावणीला गेले. मावशीला म्हणाले, "काळजी करू नका." हेही मी म्हणायला नको होतं.

अधिकारी तरुण होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी कागद त्यांच्यापुढे मांडले, रेडिओवरच्या मंत्र्याची गोष्टही सांगितली. ते हसले. एक एक कागद हातात घेऊन त्यांनी वाचला. "आमच्याकडे हा अर्थ नाही, मॅडम. पण तुमचं म्हणणं पटतंय." माझा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या व्हरांड्यात मावशी बाकावर बसली होती. दाराच्या काचेतून तिचा पदर दिसत होता.

मग ते म्हणाले, "अडचण एवढीच आहे. या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे मी लिहीन. पण त्या शनिवारी या बाईंनी त्यातला कोणता अर्थ घेतला, ते मला कसं कळणार? कागद आणून देणारा पुतण्या म्हणतो, दगदग होत होती म्हणून त्यांनी स्वतः सोडलं. त्या सुमारास त्या कुणाशी काही बोलल्या असतील तर उपयोग होईल. तुम्हाला काही माहीत आहे का?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. माणूस चांगला होता. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी ते लिहून घेतलं असतं.

मी म्हणाले, "मला ते सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या कारकुनाला मजकूर सांगितला. कारकुनाने टाईप केलं. कागद माझ्यापुढे आला. 'अर्जदार बाईंनी सही करतेवेळी सदर शब्दाचा काय अर्थ घेतला होता, हे साक्षीदारास निश्चित सांगता येत नाही.'

मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. शब्द माझेच होते, त्यात फक्त एक 'निश्चित' वाढला होता. सांगायची मनाई आहे असं मी म्हणाले होते. ठाऊक नाही असं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या भाषेत दोन्हींना 'सांगता येत नाही' असंच म्हणतात. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला माहीत आहे पण बंदी आहे, असं लिहवून घेतलं तर आत काही तरी बोलणं झालं होतं हे उघड होणार, मग ते सांगितल्यासारखंच झालं, असा विचार मी त्या अर्ध्या मिनिटात केला. तीस वर्षांची वकिली त्या अर्ध्या मिनिटात माझ्या बाजूने उभी राहिली, मावशीच्या नाही. आज मला वाटतं, 'सांगण्यास नियमाने मनाई आहे' एवढं तरी बसलं असतं. त्याने नियम मोडला नसता, मोडला असता तर माझं नाव मध्यस्थांच्या यादीतून कमी झालं असतं, बाकी काय? पण हे आज वाटतं. त्या वेळी मी पेन उचललं आणि सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.'

निकाल पंधरा दिवसांनी आला. अर्ज नामंजूर. कारणांमध्ये माझं वाक्य जसंच्या तसं होतं, 'निश्चित'सकट. पुढे अपील वगैरे करता येतं, ते मी करते आहे, माझ्या खर्चाने आणि माझ्या वेळाने, आणि त्यात जीव नाही हे मला माहीत आहे. गावात नवी मदतनीस आली आहे. मावशीच्या शेताचा रस्ता मात्र मोकळा आहे, बैलगाडी आरामात जाते. मध्यस्थी केंद्राच्या वहीत ते प्रकरण यशस्वी म्हणून लिहिलेलं आहे.

मी अजून त्या खोलीत बसते. सोडून द्यावं असं पुष्कळदा मनात आलं, पण तो कागद लिहायला घेतला की वर मथळा काय घालायचा इथेच हात थांबतो. आता मी कुणाशीही राजीनामा हा शब्द वापरत नाही. म्हातारी माणसं स्वतःहून तो वापरतात तेव्हा मी त्यांना थांबवते आणि समझोता करार म्हणायला लावते. ते माझ्याकडे परक्या गावच्या बाईकडे बघावं तसं बघतात. बघू देत.

पण मला राहून राहून आठवतो तो सुनावणीचाच दिवस. मी सही करून बाहेर आले. हातात वडिलांच्या कागदांची पिशवी. मावशी बाकावरून उठली. आत काय ठरलं हे तिने विचारलंच नाही.

"काचेतून दिसलं," ती म्हणाली, "तुमची बी सही घेतली."

"हो, घेतली."

ती जवळ आली आणि माझ्या दंडाला हात लावून, कुणी ऐकू नये अशा आवाजात तिने विचारलं, "वाचून केली न्हवं, बाई?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरोखर माझी काळजी वाटत होती.

"वाचून केली," मी म्हणाले.

"मंग बरं," ती म्हणाली. "माज्यासारकं नगं व्हायला."